साबुदाणा सांडला म्हणजे अपघात

"मॅडम, ह्यात काय लिहिलंय?" त्या मुलाने विचारलं तेव्हा मी फाइलमधले कागद जुळवत होते. मान वर न करताच म्हटलं, "झालं ते लिहिलंय. खाली सही कर." एवढंच. वीस-बावीस वर्षांचा पोरगा, ठेकेदाराकडून लागलेला, प्रेस शॉपमधला. उजव्या हाताला मनगटाच्या वरपर्यंत पांढरंशुभ्र बँडेज, त्याचा तो दवाखान्याचा वास, आणि केबिनमधल्या एसीच्या गारठ्यात त्याच्या अंगावरचा पातळ शर्ट. तो खुर्चीच्या कडेवर बसला होता, पूर्ण टेकलाच नाही. त्याचा प्रश्न तसा साधा होता. रात्री घरी भांडी आवरताना मला कळलं की तो त्याने नेमका ज्या माणसाला विचारायला हवा त्यालाच विचारला होता, कारण त्या कागदावरचं मराठी माझंच होतं.

मी दुभाषी आहे. चाकणच्या पट्ट्यात कोरियन साहेब आणि मराठी माणसं यांच्या मधे उभं राहायचं, हे माझं काम. त्या कागदाच्या डोक्यावर कोरियनमध्ये लिहिलेलं असतं 'सागो क्योंगविसॉ', म्हणजे अपघात कसा घडला त्याचा तपशील. खाली मी मराठी भरते. 'सागो' हा शब्द मी पुण्यात शिकले, संध्याकाळच्या क्लासमध्ये. नवे शब्द लक्षात राहावेत म्हणून आम्ही मुली वाट्टेल त्या युक्त्या करायचो. 'बाप' म्हणजे शिजवलेला भात, तेव्हा बाप भात खातो. 'मुल' म्हणजे पाणी, तेव्हा मूल पाण्यात खेळतं. आणि सागो? इंग्रजीत सागो म्हणजे साबुदाणा. साबुदाणा सांडला, झाला अपघात! एकादशीच्या आदल्या दिवशी वर्गात आम्ही ह्यावर इतक्या हसलो होतो की आमच्या सनसेंगनिम, म्हणजे कोरियन बाई, काही न कळताच आमच्याबरोबर हसायला लागल्या. शब्द असा पक्का बसला की पुढे कितीही घासला तरी साबुदाण्याचा वास जाईना.

नोव्हेंबर 2022च्या पहिल्या आठवड्यात मी कंपनीच्या ट्रेनिंगला सोलमध्ये होते. इतेवॉनच्या त्या अरुंद उताराच्या गल्लीत हॅलोविनच्या गर्दीत माणसं चेंगरली, त्याला जेमतेम चार-पाच दिवस झालेले. मृतांचा आकडा पुढे 159वर गेला. सिटी हॉलसमोरच्या हिरवळीवर श्रद्धांजलीचा मांडव होता. मी संध्याकाळी एकटीच गेले. रस्त्यावर गिंकोची पिवळी पानं पडलेली, आणि गिंकोची फळं चिरडली की येते ती कुबट दुर्गंधी. रांगेत हातात एक पांढरं शेवंतीचं फूल दिलं गेलं. मांडवात शेवंतीच्या फुलांची भिंत होती, आणि त्या भिंतीवर एकही फोटो नव्हता, एकही नाव नव्हतं. आपण फुलांनाच फुलं वाहतोय असं वाटत होतं. वर मोठा फलक. परक्या भाषेतला फलक दिसला की ओठ हलवत वाचायची सवय मला अजून आहे. मी पुटपुटत वाचलं, 'इतेवॉन सागो सामांग्जा'. इतेवॉन अपघातातील मृत व्यक्ती. आणि त्या जागी, त्या क्षणी, माझ्या डोक्यात साबुदाणा सांडला. माझी मलाच शरम वाटली.

माझ्या पुढच्या आजीबाई मागे वळल्या. त्यांना माझ्या डोक्यातलं काही कळलेलं नव्हतं, त्यांनी फक्त माझं वाचन ऐकलं होतं. "सागो नाही, पोरी," त्या हळू पण ठाम आवाजात म्हणाल्या. "चाम्सा."

फलकावर सागोच होतं. मी चुकीचं वाचलं नव्हतं. तरी त्या मला दुरुस्त करत होत्या. खोलीवर आल्यावर बातम्या वाचत बसले तेव्हा उलगडा झाला. फलकावर काय लिहायचं ह्याची सूचना सरकारकडून गेली होती. 'चाम्सा' नको, 'सागो' लिहा. 'हुइसेंग्जा' नको, 'सामांग्जा' लिहा. चाम्सा म्हणजे भीषण दुर्घटना, कुणीतरी जाब द्यावा अशी. सागो कुणाच्याही हातून होतो, रस्त्यावर सायकल घसरली तरी सागोच. हुइसेंग्जा म्हणजे बळी, आणि बळी म्हटलं की पुढचा प्रश्न आपसूक येतो, कुणाचा बळी? सामांग्जा म्हणजे नुसता मेलेला माणूस. त्याच्यापुढे कसलाच प्रश्न येत नाही. सरकारचं म्हणणं होतं की हे तटस्थ शब्द आहेत. मला ते म्हणणं अगदीच खोटं वाटलं नाही, आणि हेच जास्त त्रासदायक होतं. मीही रोज तटस्थच शब्द शोधत असते की.

तिथल्याच आणखी एका गोष्टीने माझा पिच्छा सोडला नाही. सरकारी कर्मचाऱ्यांनी छातीवर काळी फीत लावायची असते, तिच्यावर 'कुन्जो', म्हणजे शोक, अशी दोन अक्षरं छापलेली असतात. ह्या वेळी सूचना होती की अक्षरं नसलेली फीत लावा. आता कोऱ्या फिती एका रात्रीत आणणार कुठून? मग कित्येकांनी असलेलीच फीत उलटी करून लावली. मांडवाच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाच्या छातीवरची फीत मी जवळून पाहिली. काळ्या रेशमी कापडातून मागची अक्षरं उलटी, अंधुक उमटली होती. इस्त्रीच्या घडीतून आतला डाग दिसावा तशी.

ग्वांगजू शहराने दोन-चार दिवसांतच आपल्याकडचा फलक बदलून 'चाम्सा' आणि 'हुइसेंग्जा' केला. सर्वांत आधी बदलणाऱ्यांत ग्वांगजू असावं ह्याचं मला नवल वाटलं नाही. शब्द काय करू शकतो ते त्या शहराला कुणी शिकवायला नको. मे 1980मध्ये लष्कराने तिथे नागरिकांवर गोळ्या झाडल्या. त्या घटनेचं नाव आधी 'पोक्तोंग', म्हणजे दंगल. मग कित्येक वर्षं 'ग्वांगजू साथे'. साथे म्हणजे परिस्थिती, बिकट प्रसंग. जणू पाऊस जास्त झाला. 1988मध्ये सरकारदरबारी 'मिन्जुह्वा उन्दोंग', लोकशाहीची चळवळ, असं नाव मिळालं. डाव्या मंडळींना तेही पचत नाही, ते 'हांग्जेंग' म्हणतात, प्रतिकार. आणि आजही कुणी म्हातारा टॅक्सीवाला बोलता बोलता 'साथे' म्हणाला, की त्याने कुणाला मत दिलं असेल ते विचारावं लागत नाही. तिथल्या स्मृतिदिनाच्या गाण्यावरून तर वर्षानुवर्षं वाद झाला. गाणं कोणतं, हा वाद नव्हता. ते 'हाप्छांग' म्हणायचं की 'जेछांग', हा होता. हाप्छांग म्हणजे गायकवृंद गाणार आणि बाकीच्यांनी वाटलं तर ओठ हलवायचे. जेछांग म्हणजे सगळ्यांनी उभं राहून एका सुरात. कार्यक्रमपत्रिकेवरचा एक शब्द, पण त्यामुळे राष्ट्राध्यक्षाला तोंड उघडावं लागतं की मिटून ठेवता येतं, हे ठरत होतं. 2017मध्ये नवे राष्ट्राध्यक्ष मुन जे-इन यांनी ते पुन्हा जेछांग केलं.

आमच्या पुण्याच्या बाई फार हुशार होत्या. राजकारणावर त्या एक अक्षर बोलायच्या नाहीत, पण एकाच दिवसाचे दोन पेपर प्रिंट करून आणायच्या. उजव्यांचा चोसन इल्बो आणि डाव्यांचा हान्क्योरे. 2019मध्ये हनोईला ट्रम्प आणि किम जोंग-उन भेटले तेव्हाची गोष्ट. चोसनमध्ये 'मि-बुक' बैठक, म्हणजे अमेरिका-उत्तर कोरिया. हान्क्योरेत 'बुक-मि', उत्तर कोरिया-अमेरिका. दोन अक्षरांची अदलाबदल. कुणाला आधी लिहायचं, रक्ताच्या भावाला की मित्राला? एका पेपरात 'किम जोंग-उन' असं नुसतं, उघडंबोडकं नाव. दुसऱ्यात नावामागे पद. चोसनच्या मथळ्यात मधेच एखादं चिनी अक्षर, उत्तर कोरियासाठी एक, अमेरिकेसाठी एक, राष्ट्राध्यक्षाच्या आडनावासाठी एक. हान्क्योरेत शोधूनही सापडायचं नाही. 1988मध्ये हा पेपर निघाला तो लोकांनी वर्गणी काढून, आणि पहिल्या अंकापासून आडव्या ओळी, सगळं हांगुल ह्या कोरियन लिपीत. तेव्हाचे मातब्बर पेपर अजून उभ्या ओळींत, चिनी अक्षरांची पेरणी करत छापले जात होते. म्हणजे बातमी वाचण्याआधी, चार हात लांबून, नुसत्या पानाच्या चेहऱ्यावरून पेपर कुठल्या बाजूचा ते कळायचं. आम्हा मुलींना ह्याचं फार अप्रूप वाटलं. बाईंनी मग विचारलं, तुमच्याकडे असं नसतं का? आम्ही सगळ्या 'नाही' म्हणालो. फक्त मागच्या बाकावरची निपाणीची मुलगी म्हणाली, "आमच्याकडे बेळगाव लिहिलं की एक, बेळगावी लिहिलं की दुसरं." पुढे दोन मिनिटं वर्गात कुणी बोललं नाही.

मला स्वतःला सगळ्यांत जास्त चुटपूट लावणारा शब्द 'तोंगमू'. तोंगमू म्हणजे सवंगडी. जुना, घरगुती, अंगणातला कोरियन शब्द. उत्तरेत तो 'कॉम्रेड'साठी वापरला गेला, आणि दक्षिणेत माणसं तो उच्चारायला बिचकू लागली. सवंगड्याला हाक मारावी आणि पोलिसाने वळून बघावं, अशी वेळ. आता सगळे 'छिंगू' म्हणतात. तोंगमू मेला. पण पूर्ण मेला नाही, एका शब्दात लपून राहिला. शाळकरी पोरं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चालतात, त्याला अजून 'ओक्के-दोंगमू' म्हणतात, खांद्याचे सवंगडी. तिथे तो कुणाला सापडला नाही. 'इनमिन' ह्या शब्दाचंही तसंच. इनमिन म्हणजे जनता. 1948मध्ये दक्षिणेची राज्यघटना लिहिली जात होती तेव्हा यु जिन-ओ ह्यांच्या मसुद्यात इनमिन होता. तो कम्युनिस्टांचा शब्द आहे म्हणून आक्षेप आला आणि त्या जागी 'कुंगमिन' आला, राष्ट्राचा नागरिक. एक चांगला शब्द आपण कम्युनिस्टांना देऊन बसलो, अशी खंत यु जिन-ओ ह्यांनी पुढे लिहून ठेवली आहे. इनमिनला राष्ट्र लागत नाही, तो नुसता माणूस असतो. कुंगमिनला पाठीशी राष्ट्र लागतं. आज मोठ्या उजव्या पक्षाचं नावच 'कुंगमिन-उइ-हिम' आहे, नागरिकांची ताकद.

मला कामामुळे रोज भिडणारी जोडी मात्र वेगळी आहे. 'कुल्लोजा' आणि 'नोदोंग्जा'. दोन्हींचा अर्थ डिक्शनरीत कामगार. पण कुल्लोजामध्ये इमानाने, मन लावून राबणं आहे, मालकाला आवडेल असं. नोदोंग्जामध्ये नुसते श्रम आहेत, आणि त्या श्रमांची किंमत मागण्याची धमक. 1963मध्ये सरकारने कामगार दिनाला 'कुल्लोजाचा दिवस' करून टाकलं. तो पुन्हा 'नोदोंगजॉल', श्रमाचा दिवस, व्हायला 2025 उजाडलं. आमच्या कंपनीच्या परिपत्रकांत अर्थातच कुल्लोजा असतो. त्याचं मी मराठी करते 'कर्मचारी'. 'कामगार' लिहिलं तर साहेब काही म्हणणार नाहीत, त्यांना मराठी येत नाही. मग मी 'कर्मचारी' का लिहिते? मला कुणी सांगितलेलं नाही. आणि मराठीत तरी आपण कुठे सोवळे आहोत? पेपरात उद्योगपतीचं 'निधन' होतं, लेखकाचं 'देहावसान' होतं आणि भिंत कोसळून चार मजूर 'ठार' होतात. लहानपणी बाबांना मोठ्याने पेपर वाचून दाखवताना ठार ह्या शब्दावर माझा आवाज आपोआप चढायचा. निधनावर उतरायचा.

3 डिसेंबर 2024च्या संध्याकाळी सातच्या सुमारास आमच्या ऑफिसातले सगळे कोरियन साहेब एकदम फोन घेऊन उभे राहिले. तिकडे रात्रीचे साडेदहा. राष्ट्राध्यक्ष युन सॉक-यॉल यांनी लष्करी कायदा पुकारला होता. शपथविधीच्या भाषणात 35 वेळा 'स्वातंत्र्य' म्हणणारा हा माणूस त्या रात्री 'उत्तरेच्या मागे जाणाऱ्या निर्लज्ज राष्ट्रविरोधी शक्तीं'ना मुळासकट उपटायची भाषा करत होता. आपल्याकडे साडेनऊ वाजले असताना तिकडे संसदेत हजर असलेल्या 190 सदस्यांपैकी 190 जणांनी तो कायदा मागे घ्यायचा ठराव केला, तेव्हा आमचे सगळ्यांत वयस्कर साहेब खुर्चीत बसले आणि त्यांनी गार झालेली कॉफी एका घोटात संपवली. दुसऱ्या दिवसापासून नामांची लढाई. विरोधी पक्षाच्या निवेदनांत 'नेरान', सत्ताधाऱ्यांच्या निवेदनांत 'आणीबाणीचा लष्करी कायदा'. 'कुंगमिन-उइ-हिम'चं कुणीतरी 'नेरान-उइ-हिम' करून टाकलं. एका साहेबांनी मला विचारलं, नेरानला मराठीत काय म्हणतात? मी 'बंड' म्हणायला गेले आणि थांबले. 2022च्या जूनमध्ये आपल्याकडे एकाच घटनेला बंड, उठाव आणि गद्दारी असे तीन शब्द होते, आणि तिन्ही कुठल्या ना कुठल्या घरातून ऐकू येत होते. बंड मराठीत शिवी आहे की शाबासकी, हे मी त्यांना दोन वाक्यांत कसं सांगणार?

युन यांना पदावरून काढायचं की नाही ह्यावर पुढे घटनात्मक न्यायालयात जे चाललं ते मी रात्री जागून पाहायचे, मालिका पाहावी तसं. त्या रात्री संसदेत पाठवलेल्या कमांडोंना नेमकं कुणाला बाहेर काढायला सांगितलं होतं? 'उइवॉन', म्हणजे संसद सदस्य? संरक्षणमंत्री राहिलेले गृहस्थ म्हणाले, छे, 'योवॉन', म्हणजे आपलीच आत गेलेली माणसं. साक्षीत आणखी एक शब्द होता, 'इनवॉन', म्हणजे नुसती संख्या, माणसं. त्यावर युन म्हणाले की 'माणूस' हा शब्द असताना 'इनवॉन' असं मी कधी म्हणतच नाही. आणि त्याच सुनावणीत थोड्या वेळाने सहजपणे 'इनवॉन' म्हणून गेले. मी एकटीच अंथरुणात मोठ्याने हसले. त्यांच्या वकिलांचं तर त्याहून वरचं. लष्करी कायदा म्हणजे 'ग्येऑमन्योंग'. ते म्हणाले, हा ग्येऑमन्योंग नव्हताच, हा 'ग्येमोंगन्योंग' होता, प्रबोधनाचा हुकूम! मधलं एक अक्षर बदललं की बंदूक जाऊन फळा-खडू येतो. 4 एप्रिल 2025ला निकाल लागला, युन पदावरून गेले. आठही न्यायाधीशांचं एकमत, आणि निकालाची भाषा इतकी सरळ की मला एकदाही डिक्शनरी उघडावी लागली नाही. त्यासाठी त्या न्यायाधीशांना मनातल्या मनात मी दुभाष्याचा नमस्कार केला.

हे सगळं सांगताना मला शब्दांचीच गोष्ट सांगायची आहे असं वाटत होतं. पण लक्षात राहिलेलं पाहिलं तर कोऱ्या जागाच जास्त आहेत. 1936च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये कोरियाचा सोन की-जॉंग मॅरेथॉन जिंकला, पण जपानच्या नावावर, कारण कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता. दोंगा इल्बोने त्याचा फोटो छापताना छातीवरचा जपानी सूर्य पुसून टाकला आणि पेपर बंद पाडला गेला. त्याच पेपरच्या जाहिराती 1974च्या डिसेंबरमध्ये सरकारच्या दबावाने एकेक करून गेल्या, तेव्हा त्यांनी जाहिरातींच्या जागा कोऱ्याच छापल्या. मग वाचकांनी पदरचे पैसे टाकून त्या कोऱ्या चौकटी छोट्या छोट्या ओळींनी भरायला सुरुवात केली. चार महिन्यांत लढणारे पत्रकार नोकरीतून गेले, आणि त्यांच्यातलेच काही पुढे हान्क्योरे काढणाऱ्यांत होते.

आणि जेजूची ती शिळा.

जेजू बेटावर 1948च्या एप्रिलपासून पुढे काही वर्षं जी कत्तल झाली तिच्या स्मारकात मी एका सुट्टीत गेले होते. गुहेसारख्या अंधाऱ्या बोगद्यातून चालत जावं लागतं. मग एकदम गोल उंच छत, वरून उजेडाचा झोत, आणि त्या उजेडात जमिनीवर आडवी ठेवलेली लांबलचक पांढरी दगडी शिळा. 'पेक्बी', कोरी शिळा. तिच्यावर एकही अक्षर कोरलेलं नाही. शेजारी लिहिलंय की उठाव, प्रतिकार, दंगल, साथे, घटना अशा नावांनी ओळखल्या गेलेल्या ह्या गोष्टीला अजून तिचं योग्य नाव मिळालेलं नाही. मारले गेलेल्यांची संख्या 25 ते 30 हजारांच्या घरात असल्याचा सरकारी अहवालाचा अंदाज आहे, सरकारने माफीही मागितली आहे, आणि नाव अजून 'जेजू 4-3'. नुसती तारीख. माझ्याशेजारी एक बाबा आपल्या मुलीला समजावत होता. ती म्हणाली, "मग नाव मिळालं की हिला उभी करणार?" तो हो म्हणाला. मुलीने कठड्यावरून वाकून दगडाकडे पाहिलं, आपण झोपलेल्या माणसाकडे पाहतो तसं. मला तेव्हा ती शिळा फार आवडली होती. खोटं नाव कोरण्यापेक्षा कोरं बरं. पण मग उलटी लावलेली फीतही कोरीच होती, आणि ती मला सहन झाली नव्हती. दोन कोऱ्या जागांत फरक काय, हे मला अजून नीट मांडता येत नाही. शिळेसमोर उभं राहिलं की लिहायला हात शिवशिवतात. फितीसमोर मान खाली जाते.

तर तो कागद. वरच्या रकान्यात तारीख, वेळ, शिफ्ट, मशीनचा नंबर. 'घटनेचे स्वरूप' ह्या रकान्यात 'सागो', माझं मराठी 'अपघात'. इथपर्यंत ठीक. पुढचा रकाना 'कारण'. तिथे कोरियन भाषेत आधीच टाइप केलेलं होतं, 'जागॉप्जा बुजुइ'. अशा प्रत्येक कागदावर हेच असतं, शिक्का मारावा तसं. मी सवयीने खाली भरलं होतं, 'काम करणाऱ्याचा निष्काळजीपणा'. प्रेसचा सेन्सर आठवडाभर बंद होता हे शॉपमध्ये सगळ्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं, कारण त्याची तक्रार मीच मराठीतून कोरियनमध्ये करून दिली होती. माझं भाषांतर अचूक होतं, बुजुइ म्हणजे निष्काळजीपणाच. कुठल्याही परीक्षेत पूर्ण मार्क पडतील.

"झालं ते लिहिलंय," मी म्हटलं. त्याने कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कागद जवळ ओढला. पेन कुठे धरायचं ते त्याला आधी कळेना. मग त्याने ते डाव्या हातात घेतलं आणि पहिलीतलं पोर गिरवतं तसं एकेक अक्षर जोर देऊन काढत आपलं नाव लिहिलं. मी कागद दुसऱ्या हाताने दाबून धरला होता, हलू नये म्हणून.